जुनं सापडलं म्हणून जमीन जात नाही

कोल्हापूरच्या आसपास रस्त्याचं काम निघालं, की एक सल्ला हमखास ऐकू येतो : 'जुनी खापरं दिसली तर गुपचूप बुजवा, नाहीतर पुरातत्त्ववाले जमीन घेतील, रस्ताही बंद पडेल.' हे खरं नाही.

नुसती खापरं मिळाली म्हणून जागा संरक्षित ठरत नाही. केंद्राच्या 1958 च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात त्यासाठी आधी अधिसूचना काढावी लागते आणि हरकतींसाठी दोन महिने द्यावे लागतात. बांधकामाला 100 मीटरची बंदी आणि त्यापुढच्या 200 मीटरचं नियमन असतं, ते पन्हाळ्यासारख्या घोषित स्मारकांभोवती. नाणी, दागिने सापडले तर 1878 चा निखात निधी (म्हणजे जमिनीत पुरलेलं धन) कायदा लागतो. त्यातही सापडवणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा वाटा धरलेला आहे.

रस्त्याआधीचं सर्वेक्षण म्हणजे बहुतेक वेळा पायी फिरणंच. पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीची माती कुठं आहे, नांगरटीत खापरं, विटा, मणी वर आलेत का, हे पाहून नकाशावर नोंदवतात. गरज वाटली तर छोटा चाचणी-खड्डा घेतात. याला खरी मदत होते ती शेतकऱ्याची, कारण आपलं रान त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

पंचगंगेकाठची ब्रह्मपुरीची टेकडी आठवा. तिथं सातवाहनकालीन वस्ती मिळाली, रोमन समुद्रदेवाची कांस्यमूर्तीही मिळाली. ती मूर्ती टाऊन हॉल संग्रहालयात आहे. कोणी घाबरून खड्डा बुजवला असता, तर कोल्हापूरचं रोमशी असलेलं नातं मुरुमाखालीच राहिलं असतं.