पीकेयू आणि डॉक्टरांचा पिच्छा पुरवणाऱ्या आया

डाएट कोल्ड्रिंकच्या कॅनवर बारीक अक्षरात एक इशारा असतो, फिनाइलकीटोन्युरिया असलेल्यांसाठी हे नाही असा. कोण वाचतंय म्हणा! पण हा आजार, म्हणजे पीकेयू, सापडला तोच मुळी एका आईच्या हट्टामुळे.

नॉर्वेच्या बोर्ग्नी एगेलँडची दोन्ही मुलं, लिव्ह आणि डाग, बुद्धीने वाढतच नव्हती आणि त्यांच्या लघवीला कायम कुबट वास यायचा. डॉक्टर बदलून झाले, त्या वासाचं कुणाला काही वाटेना, पण बाईंनी काही विषय सोडला नाही, शेवटी १९३४ मध्ये डॉ. आस्ब्योर्न फॉलिंग यांनी लघवीत फेरिक क्लोराइड नावाचं रसायन टाकून बघितलं तर रंग झाला गर्द हिरवा. मग आईने बाटल्या भरभरून जवळपास २० लिटर लघवी पोचवली, आणि त्यातून फिनाइलपायरुव्हिक अ‍ॅसिड निघालं.

भानगड अशी की दूध, डाळी, अंडी यांच्या प्रोटीनमध्ये फिनाइलअ‍ॅलनिन नावाचं अमिनो अ‍ॅसिड असतं (डाएट ड्रिंक गोड करणाऱ्या अ‍ॅस्पार्टेममध्येही), ते पचवून पुढे न्यायचं एन्झाइम या मुलांमध्ये कामच करत नाही, मग ते रक्तात साठून मेंदूची वाट लावतं, आणि त्यातूनच बनलेलं ते अ‍ॅसिड लघवीत उतरतं. आईबाप दोघंही बिघडलेल्या जनुकाचे वाहक असले तर प्रत्येक बाळाला २५ टक्के चान्स, आणि त्यांना स्वतःला काहीच त्रास नसतो.

कारण कळलं, पण लिव्ह आणि डागला त्याचा उपयोग झाला नाही.

पुढे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये शीला नावाची पीकेयू असलेली मुलगी, १७ महिन्यांची, ना उभी राहायची ना बोलायची. तिची आई रोज डॉ. हॉर्स्ट बिकेल यांच्या लॅबबाहेर हजर, काहीतरी करा म्हणून. शेवटी त्यांनी फिनाइलअ‍ॅलनिन काढून टाकलेलं खाणं बनवलं, आणि काही महिन्यांत पोरगी रांगायला लागली, उभी राहिली, डोकं आपटायची थांबली! मग डॉक्टरांनी काय करावं, तर आईला न सांगता खाण्यात फिनाइलअ‍ॅलनिन परत घातलं, खात्री करायला. पोरगी लगेच बिघडली. पुरावा पक्का झाला, १९५३ मध्ये पेपरही आला, पण जिच्यामुळे हे सगळं सुरू झालं तिलाच अंधारात ठेवणं मला तरी पटत नाही.

नंतर अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी टाचेतल्या रक्ताच्या थेंबांवर होणारी पीकेयूची स्वस्त टेस्ट काढली. हेही घरचं दुखणं बघितलेले, मुलगा मतिमंद आणि भाचीला पीकेयू. आज बऱ्याच देशांत नवजात बाळांच्या टाचेतल्या रक्ताची अशी तपासणी होते. आपल्याकडे मात्र सगळीकडे आपोआप होत नाही, तेव्हा डिलिव्हरीच्या आधीच हॉस्पिटलमध्ये विचारून ठेवा.