नर नसताना पिल्लं झाली, म्हणजे अनिषेकजननच असं नव्हे

एकट्या ठेवलेल्या मादीने अंडी घातली आणि त्यांतून पिल्लं निघाली, की साप पाळणारे लगेच 'पार्थेनोजेनेसिस', म्हणजे अनिषेकजनन, म्हणून मोकळे होतात. शक्यता दोन आहेत. अनिषेकजननात बाप नसतोच. शुक्राणू साठवणीत बाप असतो, फक्त तो फार पूर्वी भेटलेला असतो. मादी त्याचे शुक्राणू अंडवाहिनीत जिवंत राखते आणि बीज सुटलं की वापरते.

जुलैत कुंडीखाली सापडणारा वाळा, म्हणजे गांडुळासारखा दिसणारा छोटा साप, या वादात आणू नका. त्याच्यात नर नसतातच, सगळ्या माद्या, आणि हीच त्यांची रीत. सर्पमित्राने पकडलेली घोणस बरणीत व्याली, तर तेही यातलं नव्हे. ती रानातूनच गाभण आली होती.

खरी गफलत 'किती वर्षं एकटी होती' या प्रश्नात आहे. वर्षांवरून काही ठरत नाही. अमेरिकेतली ईस्टर्न डायमंडबॅक ही रॅटलस्नेक मादी पाच वर्षं एकटी होती. तिला पिल्लं झाली आणि डीएनए तपासणीत बाप निघाला. हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या आदल्याच वर्षीचं बोआचं प्रकरण नेमकं उलट. त्या मादीजवळ नर होते, पण तिला झालेल्या २२ मुली बापाविना झालेल्या निघाल्या. सगळ्यांवर आईचाच दुर्मिळ अप्रभावी रंग होता आणि त्या नरांकडे तो जनुक नव्हता. म्हणजे नर दूर असला तरी बाप असू शकतो, आणि नर जवळ असला तरी बाप नसू शकतो. 'विकणाऱ्याने कुमारी म्हणून दिली होती' हा तर पुरावाच नव्हे. वाढलेली मादी विकत घेतली असेल, तर तिचा पूर्वेतिहास कोरा धरायचा नाही.

मग बघायचं काय? आधी पिल्लांचं लिंग, आणि त्याचा नियम जातीनुसार बदलतो. कॉर्न स्नेक, नाग, व्हायपर यांच्यात मादीची लिंग ठरवणारी गुणसूत्रं झेडडब्ल्यू असतात. अनिषेकजननातून आजवर त्यांच्यात नरच मिळाले आहेत. कॉर्न स्नेकच्या अंड्यांतून एक जरी मादी निघाली, तर बाप होता असंच धरा. बोआ आणि पायथन यांचं उलट. २०१७ च्या संशोधनात बोआ कॉन्स्ट्रिक्टर आणि बर्मीज पायथन यांच्या माद्या एक्सएक्स असल्याचं दिसलं, त्यामुळे तिथे मुलीच होतात. तिथे एक नर निघाला तर बाप होता. पण उलटा निष्कर्ष काढू नका. बाप असतानाही तीनच पिल्लं असतील, तर तिन्ही मुली होण्याची शक्यता आठात एक आहे. लिंग तपासायला अनुभवी हात लागतो. पहिली कात टाकण्याआधी पिल्लांना छेडू नये.

दुसरी खूण मॉर्फची, म्हणजे बॉल पायथनसारख्या पाळीव अजगरांतल्या आनुवंशिक रंग-नक्षीच्या प्रकारांची. आईत नसलेला पिनस्ट्राइपसारखा प्रभावी जनुक पिल्लात दिसला, तर प्रश्न मिटला. आई एकेरी पेस्टल असेल, म्हणजे पेस्टल या मॉर्फच्या जनुकाची एकच प्रत तिच्यात असेल, तर अनिषेकजननातल्या मुली बहुधा सुपर पेस्टल (दोन प्रती असलेल्या) किंवा साध्या निघतात, एकेरी पेस्टल अपवादानेच. कारण पिल्लाला आईच्या जनुकांचा एकच अर्धा हिस्सा मिळतो आणि तोच दुप्पट होतो. अशी पिल्लं म्हणजे आईची हुबेहूब नक्कल असते, हे म्हणणं म्हणूनच बहुतेक वेळा चुकीचं ठरतं.

'बरीच अंडी वाया गेली, म्हणजे अनिषेकजनन' हा तर्क तर नागपुरात सर्वांत फसवा. अनिषेकजननात बरीच अंडी स्लग, म्हणजे वांझ, निघतात, अर्धवट वाढून मरतात किंवा पिल्लं व्यंग घेऊन जन्मतात, हे खरं. पण बॉल पायथनची अंडी ३१ ते ३२ अंशांवर सुमारे ५५ ते ६० दिवस उबवायची असतात, आणि आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो. फक्त तापवणारं इन्क्युबेटर तेव्हा निरुपयोगी आहे. थंडही करू शकणारं घ्या, किंवा एसीच्या खोलीत ठेवा. भर दुपारी कूलरच्या भरवशावर राहू नका. व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओलावा धरणाऱ्या खनिजाच्या भुशात) वजनाने साधारण तितकंच पाणी घालून नीट कालवा. मुठीत दाबल्यावर थेंब पडता कामा नये. अंडं उलटवू नका, आणि टॉर्च लावल्यावर लाल शिरा दिसत असतील तर ते फेकू नका; शिरा दिसल्या नाहीत, तरी सडल्याशिवाय फेकू नका. तापमानाची रोजची नोंद नसेल, तर मेलेल्या अंड्यांवरून काहीही सिद्ध होत नाही. उष्णतेने मेलं की बापाविना मेलं, हे बाहेरून कळत नाही.

पक्कं उत्तर डीएनए तपासणीनेच मिळतं आणि त्यासाठी पुरावा पहिल्याच दिवसापासून जपावा लागतो. आईची कात आणि प्रत्येक पिल्लाची पहिली कात पूर्ण वाळवून वेगवेगळ्या कागदी पाकिटांत ठेवा. प्लास्टिकमध्ये बुरशी येते. मेलेला गर्भ शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवा किंवा फ्रीझ करा. फॉर्मालिनमध्ये बुडवलात, तर डीएनए खराब होतो. पाकिटावर तारीख आणि अंड्याचा क्रमांक लिहा. बॉल पायथन ही साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतली परदेशी जात असल्याने मादीबरोबर या पिल्लांचीही नोंद वनखात्याकडे करावी लागते, तेव्हा हेच क्रमांक तिथेही वापरा.