जी. आय. पी. रेल्वे : थळ घाट व नाशिक जिल्हा

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, लोकांच्या तोंडी जी. आय. पी. ही मुंबईहून सह्याद्री ओलांडून दख्खन, खानदेश, वऱ्हाड आणि मध्य प्रांतात लोहमार्ग नेणारी ब्रिटिश कंपनी. स्थापना १ ऑगस्ट १८४९ रोजी, ब्रिटिश संसदेच्या कायद्याने. नाशिककराच्या दृष्टीने तिचा इतिहास कसाऱ्यापाशी सुरू होतो. त्याआधीचा बराचसा भाग सपाटीवरचा आहे.

त्या सपाटीबद्दल थोडक्यात. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्याला १४ डब्यांची गाडी सुमारे ४०० पाहुण्यांसह २१ मैल धावली. साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ती ओढली, असे सांगतात. कंपनीने इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीकडून पहिली आठ इंजिने आणवली होती. रुळांमधले अंतर साडेपाच फूट, म्हणजे आजची ब्रॉडगेज. भांडवलावर दरसाल ५ टक्के परताव्याची हमी ईस्ट इंडिया कंपनीने दिली होती आणि तूट आली तर ती हिंदुस्थानच्या महसुलातून भरायची होती. खर्चाला हात आखडता घेण्याचे कारण कंपनीला फारसे उरले नाही, ते यामुळेच. १८६१ च्या आरंभी गाडी कसाऱ्यापर्यंत आली. पुढे उभा डोंगर होता.

सुरुवातीच्या आखणीत माळशेज घाटाचा विचार झाला होता. मुख्य अभियंता जेम्स बर्कले याने तो बाजूला ठेवून नाशिककडे थळ (कसारा) घाट आणि पुण्याकडे बोर घाट असे दोन मार्ग निवडले. थळ घाटाची चढण सुमारे ९ मैलांची. एवढ्या अंतरात गाडीला ९७२ फूट वर जायचे होते. कमाल चढ ३७ फुटांमागे १ फूट. रस्त्यावरच्या गाडीला हा चढ जाणवणारही नाही. गुळगुळीत पोलादी रुळावर गुळगुळीत पोलादी चाक फिरवणाऱ्या इंजिनाला मात्र तो जवळजवळ भिंतच. काळ्या कातळात १३ बोगदे खोदले, दऱ्यांवर पूल बांधले. त्यांपैकी एहेगावचा पूल दरीच्या तळापासून सुमारे १८० फूट उंच होता. कॉलऱ्याच्या साथींनी मजुरांच्या वस्त्या ओस पडत. घाट १ जानेवारी १८६५ रोजी वाहतुकीला खुला झाला. बर्कले १८६२ मध्येच वारला, त्याला दोन्हींपैकी एकही घाट पुरा झालेला दिसला नाही. घाई कापसाची होती. अमेरिकेतले यादवी युद्ध चालू असल्याने इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना खानदेश-वऱ्हाडचा कापूस हवा होता. १८६७ मध्ये मार्ग नागपूरला पोचला. मार्च १८७० मध्ये जबलपूरजवळचा दुवा जुळला आणि मुंबई-कलकत्ता वाहतूक थळ घाटातून जाऊ लागली.

घाटावरचे इंजिन वेगळे असावे लागते, हे कंपनीला पहिल्यापासून ठाऊक होते. १८६२ मध्ये शार्प स्ट्युअर्ट कंपनीकडून घाटासाठी खास टाकीची इंजिने मागवली गेली. पुढे चार लहान चाके, मागे सहा ओढणारी चाके, आणि पाण्याची टाकी बाष्पकाच्या (बॉयलरच्या) पाठीवर खोगिरासारखी बसवलेली. युक्ती वजनाची आहे. पाण्याचा भार ओढणाऱ्या चाकांवर पडला की चाक रुळाला घट्ट धरते आणि जागच्या जागी गरगरत नाही. तरीही एका इंजिनाने भागत नसे. कसाऱ्याला गाडीच्या शेपटीला ढकलणारी इंजिने लागत. त्यांना बँकर म्हणतात. मूळ मार्गात वाटेत एक ‘उलटे’ स्थानकही होते. तिथे गाडी एका टोकाला येऊन थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला जाई आणि गाडी उलट दिशेने पुढची चढण चढे. पुढे मार्ग बदलून ते काढून टाकले.

चढण्यापेक्षा उतरणे धोक्याचे. यासाठी घाटात कॅच साइडिंग ठेवले होते, म्हणजे मुख्य मार्गातून फुटून डोंगराच्या अंगावर चढत जाणारा आंधळा फाटा. सांधा, म्हणजे गाडीची वाट बदलणारा रुळांचा जोड, नेहमी फाट्याकडेच वळवलेला असतो. उतरणारी गाडी आधी थांबून आपण ताब्यात असल्याचे दाखवते, मगच तिला खालची वाट मिळते. सुसाट आलेली गाडी फाट्यावर चढून आपोआप मंदावते.

घाटमाथ्यावरचे इगतपुरी हे रेल्वेचे गाव. इंजिनांची शेड, ड्रायव्हर-फायरमनच्या चाळी आणि साहेबांचे बंगले यांनी ते वाढवले. वाफेच्या काळात दमलेले इंजिन इथे सुटे, ताजे इंजिन जोडले जाई, बँकर मोकळे होऊन कसाऱ्याला परतत. ही अदलाबदल पुढे इंधन बदलले तरी थांबली नाही.

विजेचा निर्णयही घाटांच्या अडचणीतून पुढे रेटला गेला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली. १५०० व्होल्टच्या एकदिश (डी. सी.) प्रवाहाच्या तारा १९२९ मध्ये पुण्यापर्यंत आणि १९३० मध्ये इगतपुरीपर्यंत पोचल्या. विजेसाठी कंपनीने ठाकुर्लीजवळ चोळ्याला स्वतःचे वीजगृह उभारले. मालगाड्यांसाठी ईएफ/१ वर्गाची ४१ इंजिने आली. पहिली १० स्वित्झर्लंडची, बाकीची ३१ व्हल्कन फाउंड्रीची. पंचाहत्तर वर्षांपूर्वी ठाण्याच्या गाडीची इंजिने घडवणारा तोच कारखाना. दोन्ही टोकांना लांब, बुटकी नाके, मध्ये उंच कॅब, आणि चाकांना जोडणारे बाहेरचे दांडे. परदेशात या ठेवणीला मगर म्हणत. इथल्या कामगारांनी मात्र त्याचे बारसे ‘खेकडा’ असे केले. उभे असताना कण्हल्यासारखा आवाज आणि धावताना दांड्यांची सळसळ यांवरून हे नाव पडल्याचे सांगतात. घाट उतरताना खेकड्याच्या मोटारी जनित्राचे काम करीत आणि वीज तारेत परत पाठवीत. ब्रेकचे ठोकळे झिजायचे वाचत आणि खालून चढणाऱ्या गाडीला ती वीज उपयोगी पडे. प्रवासी गाड्यांची ईए/१ इंजिने वेगळी होती. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या डेक्कन क्वीनमुळे त्यांचे नाव जास्त झाले, पण कस लागला तो खेकड्यांचा.

इगतपुरीच्या पलीकडे १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत वाफच होती. मग तिथे वीज आली तीही वेगळी, २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती (ए. सी.). त्यामुळे इगतपुरीला पुन्हा इंजिन बदलणे आले. तेवढ्या वेळात फलाटावर उतरून चहा-वडा घेणे हा मुंबई-नाशिक प्रवासाचा ठरलेला भाग होऊन गेला. २००६ मध्ये घाटातला जुना प्रवाह बदलला आणि हा खोळंबा संपला.

जिल्ह्यातला पुढचा मार्ग लहवित, देवळाली, नाशिक रोड, ओढा, निफाड, लासलगाव असा मनमाडला जातो. लासलगावनंतरच्या एका स्थानकाचे नाव आजही ‘समिट’च आहे, इंग्रज अभियंत्याच्या नकाशावरचा शब्द कुणी बदलला नाही. मालडब्याला मराठीने मात्र ‘वाघीण’ करून घेतले आणि निफाड-लासलगावचा कांदा वाघिणींतूनच देशभर गेला. देवळालीच्या छावणीत परतीच्या जहाजाची वाट पाहत कंटाळलेल्या गोऱ्या शिपायांमुळे इंग्रजीत वेड्यासाठी ‘डूलॅली’ हा शब्द रूढ झाला, तो गावाच्या नावावरूनच. मनमाड १८७८ मध्ये दौंडशी जोडले गेले आणि जंक्शन झाले.

लोहमार्ग नाशिक शहरात गेलाच नाही. स्थानक शहरापासून आठेक किलोमीटरवर पडले, म्हणून नाव नाशिक रोड. सिंहस्थाला गाडीने येणारे यात्रेकरूही तिथेच उतरत आणि पुढे टांगा किंवा बैलगाडी करीत. मधले अंतर भरून काढण्यासाठी १८९० च्या सुमारास अडीच फुटी रुळांची घोड्यांची ट्राम सुरू झाली. ती मेन रोडवरून स्थानकापर्यंत जाई. तिच्या आखणीशी एव्हरार्ड कॅलथ्रॉप याचा संबंध होता. तो आधी जी. आय. पी. मध्ये इंजिन निरीक्षक होता आणि पुढे बार्शी लाईट रेल्वेमुळे प्रसिद्ध झाला. ट्राम १९३० च्या दशकाच्या आरंभी बंद पडली. नाशिक रोडला लोहमार्गाच्या सोयीने वेगळेच वजन आले. १९२० च्या दशकात टपाल तिकिटे व नोटा छापणारे सरकारी छापखाने तिथेच उभे राहिले.

सरकारने १९०० मध्ये कंपनी विकत घेतली, पण कारभार करारावर तिच्याकडेच ठेवला. १ जुलै १९२५ पासून तो प्रत्यक्ष सरकारकडे आला. विजेचा घाटातला टप्पा त्यामुळे सरकारी अमलात पुरा झाला. फेब्रुवारी १९३० मध्ये जी. आय. पी. च्या कामगारांनी मोठा संप केला. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी ही रेल्वे निजाम स्टेट रेल्वे, सिंदिया आणि धोलपूर या संस्थानी रेल्वेंसह मध्य रेल्वेत विलीन झाली. खेकड्यांचे नवे नाव डब्ल्यूसीजी-१ झाले. १९७० पासून चित्तरंजन कारखान्याच्या इंजिनांनी त्यांची जागा घेतली. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक खेकडा अंगणात उभा आहे. कसाऱ्याला गाडीमागे बँकर लावण्याची पद्धत अजून चालू आहे.