फ्लाइट कॅन्सल झाल्यावरची भरपाई (भारत)

फ्लाइट ऐनवेळी कॅन्सल झाली की रिफंड किंवा दुसरी फ्लाइट तर मिळतेच, पण त्याच्या वर एअरलाइनने जे पैसे द्यायचे असतात ती ही भरपाई. भारतात डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) नियम लागतो, 2010 पासून आहे, मधे दुरुस्त्या झाल्यात. काउंटरवर रिफंड आणि भरपाई यांचा काला करून सांगतात, पण दोन्ही वेगळं.

सगळा खेळ मेसेज कधी आला यावर. 2 आठवडे आधी कळवलं तर दुसरी फ्लाइट नाहीतर रिफंड, बस. त्यानंतर पण सुटायच्या 24 तास आधीपर्यंत कळवलं तरी तेच. 24 तासांच्या आत कळवलं की भरपाई लागू होते, म्हणून त्या एसएमएसचा वेळेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवायचा. आणि बुकिंगला स्वतःचाच नंबर द्यायचा, कारण संपर्काची माहिती नीट दिली नसेल तर भरपाई नाही असं नियमातच आहे, आणि एजंट बऱ्याचदा स्वतःचा नंबर टाकून मोकळा होतो!

रक्कम ब्लॉक टाइमवर, म्हणजे विमान गेटवरून हललं तिथपासून उतरून गेटला लागेपर्यंतचा ठरलेला वेळ. 1 तासापर्यंत 5,000 रुपये, 2 तासांपर्यंत 7,500, त्यापुढे 10,000. आता खरी मेख, हे आकडे किंवा एका बाजूचं बेसिक भाडं अधिक फ्युएल चार्ज, यातलं जे कमी ते मिळतं. म्हणजे मुंबई-गोव्याचं तिकीट सेलमधे घेतलं, बेसिक आणि फ्युएल धरून 2,100 झाले, तर 7,500 विसरा, 2,100 च हातात. युरोपात असं नाही, तिथे अंतरावर 250, 400 किंवा 600 युरो, तिकीट कितीचं का असेना. फ्रँकफर्टहून मुंबईला येताना विमान भारतीय कंपनीचं असलं तरी तो नियम लागतो, त्याच कंपनीने जाताना मात्र नाही.

पूर, दंगल, संप, खराब हवामान, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) अशी कारणं एअरलाइनच्या हाताबाहेरची, तिथे भरपाई नाही. नुसतं 'ऑपरेशनल रीझन' म्हणाले तर नेमकं काय ते ईमेलवर मागायचं, कारण पुढे दाद मागताना कारणावरच अडतं. तांत्रिक बिघाडावर तर वाद ठरलेलाच (युरोपच्या कोर्टाने 2008 मधे सांगितलं की साधा बिघाड हा सहसा असामान्य प्रसंग धरता येत नाही, म्हणजे त्या नावाखाली भरपाई टाळता येत नाही, आपल्याकडे इतकं स्पष्ट नाही).

क्लेम आधी एअरलाइनकडे, मग तिच्या नोडल ऑफिसरकडे (तक्रारी बघायला नेमलेला अधिकारी), तिथेही दाद नाही मिळाली तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर. त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, 2 वर्षांच्या आत. भरपाई रोख किंवा बँकेतून द्यायची असते, व्हाउचर द्यायचं तर तुमची सही लागते, त्यामुळे काउंटरवर पुढे केलेला कागद वाचल्याशिवाय सही ठोकू नये.