कामावरच्या अपघाताची भरपाई: व्हिडिओवरची तपासणी कुठे चालते आणि कुठे दावा अडकतो

कामावर हात-पाय मोडला, चार दिवस दवाखान्यात काढले आणि माणूस गावी गेला. पुढची औषधं ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन दवाखान्यावर व्हिडिओ कॉल करून घेतली. वर्षभराने भरपाईचा दावा लावताना हातात मोबाईलवरच्या चिठ्ठ्यांशिवाय काहीच नसतं. असे दावे सारखे परत येतात, म्हणून हे लिहितो आहे.

आधी पात्रता. पगारातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) वर्गणी कापली जात असेल, तर मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. तुमचा रस्ता ईएसआयच्या मेडिकल बोर्डाकडे जातो. बाकीच्यांसाठी 1923 चा भरपाई कायदा होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. खाली सांगितलेले तपासणीचे आणि मुदतीचे मूळ नियम दोन्हीकडे जवळपास सारखेच आहेत. ठेकेदाराकडे होतो म्हणून हक्क नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आता खरी अडचण. अपघाताची नोटीस मिळाल्यावर तीन दिवसांच्या आत मालकाने स्वतःच्या खर्चाने डॉक्टरी तपासणी देऊ केली, तर कामगाराला ती करून घ्यावीच लागते. नकार दिला तर भरपाईचा हक्क स्थगित होतो. फारसं कुणाला माहीत नसलेला भाग याच्या पुढे आहे. ही मुदत संपायच्या आत, तपासणी न होताच स्वतःहून कामाचा परिसर सोडून गेलात, तरी हक्क स्थगित होतो. परत येऊन तपासणीला उभे राहीपर्यंत तो तसाच राहतो आणि मधल्या काळाची भरपाई मिळत नाही. "गावावरून व्हिडिओवर दाखवतो" हे उत्तर इथे उपयोगाचं नाही, कारण कायद्यात व्हिडिओचा उल्लेखच नाही. अंथरुणातून उठता येत नसेल तर तसं डॉक्टरकडून लेखी घ्या आणि मालकाला कळवा. मालकाचा डॉक्टर तुम्ही आहात तिथे येऊन तपासू शकतो, ही सोय 1924 च्या नियमांपासून आहे. त्याच नियमांप्रमाणे स्त्री कामगाराला तिच्या संमतीशिवाय पुरुष डॉक्टर एकट्याने तपासू शकत नाही, सोबत दुसरी स्त्री हजर लागते.

मग व्हिडिओचा उपयोग काय? उपचार चालू होते, दुखणं थांबलेलं नव्हतं, हे दाखवायला तो चांगला पुरावा आहे. मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओवरून सल्ला आणि औषधं देऊ शकतो, आणि त्याने नोंद ठेवायची असते. प्रत्यक्ष हात लावून तपासण्याची गरज असेल तर डॉक्टरने रुग्णाला समोर बोलवावं, असंही तिथेच म्हटलं आहे. सांधा किती अंशात वळतो, मुठीत जोर किती उरला, हे पडद्यावर मोजता येत नाही. म्हणून क्षमता किती टक्के घटली याचा, म्हणजे टक्केवारीचा, दाखला व्हिडिओवरून मागू नका. कुणी पैसे घेऊन देतो म्हणाला तर मुळीच घेऊ नका. समोरच्या वकिलाचा पहिलाच प्रश्न असतो: "पेशंटला प्रत्यक्ष तपासलं का?"

टक्केवारीतही एक मोठा घोळ होतो. सिव्हिल हॉस्पिटलमधून मिळणारं यूडीआयडीचं (अपंगांच्या सरकारी ओळखपत्राचं) प्रमाणपत्र अपंगत्व किती ते सांगतं. भरपाई ठरते कमाईची क्षमता किती घटली त्यावर. अंगठा गेला तर कायद्याच्या यादीतच 30 टक्के लिहिलेले आहेत. यादीत नसलेल्या दुखापतीला मात्र पात्र डॉक्टरने कमाईक्षमतेतली घट लिहून द्यावी लागते. तेव्हा तुम्ही नेमकं काय काम करत होता ते डॉक्टरला सांगा. सत्तरच्या दशकात सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराची केस आली होती. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची शंभर टक्के क्षमता गेली असं धरलं गेलं. दाखल्यावर नुसतं "40 टक्के अपंगत्व" असेल, तर तो लिहून देणाऱ्या डॉक्टरकडे परत जा.

कागद जोडा: अपघाताच्या दिवशीचा केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, पगाराचा पुरावा, मालकाला पाठवलेली नोटीस आणि तिची पोच. यातला पहिला कागद सगळ्यात जास्त दगा देतो. सोबत आलेला सुपरवायझर केसपेपरवर "घरी जिन्यावरून पडला" असं लिहून घेतो, आणि वेदनेत असलेल्या माणसाचं तिकडे लक्ष नसतं. कुणीतरी घरचा माणूस तो कागद तिथेच वाचून घेऊ दे. व्हिडिओवरच्या डॉक्टरलाही दरवेळी सांगा की अमुक तारखेला, अमुक मशीनवर, कामावर लागलं. ते चिठ्ठीत लिहिलं गेलं का पाहा. शेजाऱ्याच्या मोबाईलवरून नोंदणी केली, नाव "राजू" टाकलं आणि आधारवर "राजेंद्र" असलं, की ती चिठ्ठी तुमचीच आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक आहे का तेही बघा, आणि ती लगेच छापून ठेवा.

दाखला देणारा डॉक्टर पुढे साक्षीला येत नाही, ही रडकथा नेहमीची. इथे व्हिडिओ खरंच कामाला येतो. 2003 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओवरून घ्यायला मान्यता दिली होती. त्यासाठी आधी अर्ज द्यावा लागतो, आणि परवानगी द्यायची की नाही ते दावा ऐकणारा अधिकारी ठरवतो.

मुदत दोन वर्षांची आहे, आणि ती अपघाताच्या तारखेपासून मोजतात. व्हिडिओवरच्या शेवटच्या सल्ल्यापासून किंवा टक्केवारीचा दाखला मिळाल्यापासून नाही. दाखला यायचा असेल तरी दावा आधी लावा, तो नंतर जोडता येतो. उशीर झालाच तर पुरेसं कारण दाखवून माफीचा अर्ज करता येतो. "मालक देतो देतो म्हणत होता" हे कारण असेल तर त्याचे मेसेज डिलीट करू नका.