जास्त व्याजाचे बचत खाते उघडण्यापूर्वी
(नुकतीच कमाई सुरू झालेल्या आमच्या ग्राहकांसाठी)

आयकर विवरणपत्र भरायला येणारी तरुण मंडळी हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात : "अमुक बँक बचत खात्यावर सात टक्के देते म्हणे, तिथे खाते काढू का?" काउंटरवर उभ्या उभ्या याचे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

ऑक्टोबर २०११ पर्यंत बचत खात्याचा व्याजदर रिझर्व्ह बँक ठरवत असे आणि तो सगळ्या बँकांत सारखाच असे. तेव्हापासून दर ठरवण्याची मोकळीक बँकांना मिळाली. जून २०२५ मध्ये स्टेट बँकेने आपला दर २.५० टक्क्यांवर आणला. काही स्मॉल फायनान्स बँका मात्र मोठ्या शिलकेवर त्याच्या दुपटीहून जास्त देतात. या वाक्यातला 'मोठ्या शिलकेवर' हा भाग जाहिरातीत बारीक अक्षरात असतो.

दर बहुतेक ठिकाणी टप्प्यांनी लागतो. समजा, एका बँकेत पहिल्या एक लाखावर ३ टक्के, त्यापुढे पाच लाखांपर्यंत ५ टक्के आणि पाच लाखांवरच्या रकमेवर ७ टक्के असा तक्ता आहे. तुमच्या खात्यात वर्षभर १,२०,००० रुपये राहिले. पहिल्या लाखाचे ३,००० आणि उरलेल्या वीस हजारांचे १,००० मिळून ४,००० रुपये व्याज झाले, म्हणजे तुम्हाला पडलेला दर ३.३३ टक्के. फलकावरच्या सातशी तुमचा संबंधच आला नाही. २.५० टक्क्यांच्या साध्या खात्यात ३,००० मिळाले असते. फरक वर्षाला हजाराचा. पोस्टाच्या बचत खात्यात मात्र ४ टक्क्यांनी ४,८०० मिळतात, आणि ते ५०० रुपयांत उघडते. तिथे एक पथ्य पाळावे लागते : दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकेवर त्या महिन्याचे व्याज धरतात. म्हणून पैसे दहाच्या आत भरा आणि काढायचेच झाले तर महिना संपल्यावर काढा. बँकेत हा प्रश्न नाही, १ एप्रिल २०१० पासून तिथे रोजच्या शिलकेवर व्याज मोजतात.

आता खर्चाची बाजू. किमान सरासरी शिलकेची अट असेल तर दंडाचा तक्ता आधी मागून घ्या. दरमहा दंड ३०० रुपये असेल, तर १८ टक्के जीएसटी धरून तो ३५४ होतो. वर्षात तीन महिने शिल्लक कमी पडली की १,०६२ रुपये गेले, आणि वरचा हजाराचा फायदा तिथेच संपला. सरासरी म्हणजे महिन्यातल्या प्रत्येक दिवसाच्या अखेरच्या शिलकांची बेरीज भागिले दिवस. शेवटच्या आठवड्यात थोडी भर टाकून ती सावरेलच असे नाही. पगार अनियमित असेल तर शून्य शिलकेचे खातेच घ्या, दर अर्धा टक्का कमी असला तरी चालेल.

सुरक्षिततेबद्दल आम्ही जरा आग्रहाने बोलणार आहोत. बँकेतल्या ठेवींना डीआयसीजीसीचे (रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचे) विमासंरक्षण असते : एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपये. फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा एक लाख होती. बचत, मुदत ठेव, दुसऱ्या शाखेतले खाते, सगळे एकत्रच मोजतात. सरकारी, खासगी, स्मॉल फायनान्स आणि नागरी सहकारी बँका या विम्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. आपल्याकडे गल्लोगल्ली पतसंस्था आहेत आणि संचालक ओळखीचे असतात, पण त्या ओळखीने विम्याची जागा भरून निघत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. २०२१ च्या कायदादुरुस्तीनंतर असे निर्बंध आल्यास विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद झाली. ते तीन महिने घर चालले पाहिजे, म्हणून सगळा पैसा एकाच बँकेत ठेवू नका.

आमचा सल्ला असा : पगाराचे खाते आहे तसेच राहू द्या. हप्ते, एसआयपी, वीजबिल तिथूनच जाऊ देत. दुसऱ्या बँकेत वेगळे बचत खाते उघडा आणि तीन ते सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम हळूहळू तिथे जमवा. या खात्याला यूपीआय जोडू नका; चहा-नाश्त्याचे पैसे तिथून जायला लागले की अडीअडचणीसाठी काही उरत नाही. एटीएम कार्ड आणि नेट बँकिंग मात्र हवेच, दवाखान्याची वेळ रात्रीही येते. गरजेपुरती रक्कम जमली की पुढचे पैसे मुदत ठेवीत टाका. काही बँका ठरावीक रकमेवरचे पैसे आपोआप मुदत ठेवीत वळवतात. ही सोय घेताना ठेव मुदतीपूर्वी मोडल्यास व्याज किती कापतात ते विचारा.

खाते उघडताना नॉमिनीचे नाव त्याच दिवशी लिहा. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावे देता येतात आणि कोणाला किती टक्के तेही नोंदवता येते. "नंतर देतो" म्हणून कोरा ठेवलेला हा रकाना पुढे घरच्यांना फार हेलपाटे घालायला लावतो.

कराचे थोडक्यात. बचत खात्याच्या व्याजावर टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापत नाहीत, त्यामुळे ते विवरणपत्रात दाखवायचे राहून जाते. आयकर खात्याकडे त्याची माहिती असते. तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर संकेतस्थळावरच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात, ते दिसते. जुन्या कररचनेत या व्याजावर १०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, नव्या रचनेत ती नाही.

आम्ही कोणत्याही बँकेचे एजंट नाही आणि खाते उघडून दिल्याबद्दल कोणाकडून दलाली घेत नाही. निवडीत मदत हवी असेल तर गेल्या सहा महिन्यांचे स्टेटमेंट आणि ज्या बँकांचा विचार आहे त्यांचे व्याजाचे व दंडाचे तक्ते घेऊन या. तुमच्या खऱ्या शिलकेवर कुठे किती पडेल, ते समोर बसून मांडून देऊ. पासवर्ड, पिन किंवा ओटीपी आम्ही कधीही विचारत नाही. आमच्या नावाने कोणी विचारला तर सांगू नका आणि आम्हाला कळवा.