कायरेनियाचं जहाज: चार चमचे, हजारो बदाम आणि कार्बन डेटिंगचा घोळ

प्राचीन ग्रीस म्हटलं की आपल्यासमोर देवळांचे खांब आणि अलेक्झांडर येतो, पण त्या काळात साधी माणसं समुद्रावरून कशी ये-जा करत होती, काय खात होती, हे बघायचं असेल तर सायप्रसच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कायरेनियाला जावं लागतं. तिथल्या किल्ल्यात एक मालवाहू जहाज ठेवलंय, जेमतेम 14 मीटर लांबीचं, आणि माझ्या मते कुठल्याही राजाच्या थडग्यापेक्षा ते जास्त मोलाचं आहे.

1965 मध्ये अँड्रियास कॅरिओलू नावाचा स्थानिक पाणबुड्या समुद्रात उतरलेला असताना त्याला तळाशी, साधारण 30 मीटर खोलीवर, अँफोरांचा (म्हणजे दोन कानांच्या निमुळत्या मातीच्या सुरया) मोठा ढीग दिसला. पण वर हवामान बिघडलेलं, जागेची खूण करायला वेळच मिळाला नाही, आणि मग ती जागा परत सापडायला 1967 उजाडलं, तोपर्यंत हा माणूस बुड्या मारतच राहिला! पुढे 1968-69 मध्ये पुरातत्त्वज्ञ मायकल कॅट्झेव्ह यांच्या टीमने पाण्याखाली रीतसर उत्खनन केलं.

माल काय होता? जवळपास 400 अँफोरा, त्यातल्या बहुतेक ऱ्होड्स बेटावरच्या, म्हणजे मुख्यतः वाइन. जात्याचे 29 दगड, जे मालही होते आणि जहाज स्थिर ठेवायला तळाशी वजन म्हणूनही चालत होते. आणि बदाम, जवळपास 10,000, आतला गर गेलेला पण टरफलं शाबूत. पण मी सगळ्यात जास्त थबकलो ते भांड्यांपाशी. पाणी-वाइन प्यायचे पेले चार, लाकडी चमचे चार, तेलाचे बुधले चार. म्हणजे तांडेल धरून चार माणसं, बास. जहाजावर चुलीचा मागमूस नाही, पण जाळ्याला लावायची शिशाची वजनं 300 च्या वर सापडली, त्यावरून असं दिसतं की हे लोक वाटेत मासे मारायचे आणि किनाऱ्याला लागून तिथेच रांधून खायचे. होकायंत्र नव्हतंच, एक चौकोनी शीड आणि ओळखीचे डोंगर-खाड्या, असा तो प्रवास बेटाबेटाने चालायचा.

जहाज बांधायची पद्धत तर आजच्या उलटी. आधी सांगाडा उभा करून त्यावर फळ्या ठोकायच्या असं नाही, तर आधी फळ्याच एकमेकींना जोडायच्या, कडेला खाचा पाडून त्यात लाकडी पट्ट्या सरकवायच्या, वरून खुंट्या मारायच्या, आणि असं कवच बरंचसं तयार झालं की मग आतून आधाराची लाकडं बसवायची. हे हजारो तुकडे परत जोडले रिचर्ड स्टेफी यांनी, जे मूळचे इलेक्ट्रिशियन, जहाजांची मॉडेल्स बनवायचा छंद होता! त्यांच्या कामातून कळलं की जहाज बुडालं तेव्हा चांगलंच म्हातारं होतं, पुन्हा पुन्हा दुरुस्त केलेलं, शेवटी तर बाहेरून शिशाचा पत्रा चढवलेला. 1980 च्या दशकात याची हुबेहूब प्रतिकृती बांधून ती ग्रीसहून सायप्रसला नेली आणि परतही आणली, म्हणजे ही पद्धत खरंच समुद्रावर टिकते हे सिद्ध झालं.

आता प्रश्न, बुडालं कधी? इथे खरं विज्ञान सुरू होतं. शेकडो वर्षं पाण्यात राहिलेलं लाकूड बाहेर काढून तसंच वाळवलं तर आक्रसून त्याचा चुरा होतो, म्हणून ते पॉलिइथिलीन ग्लायकॉलमध्ये, थोडक्यात पीईजीमध्ये मुरवतात. पण पीईजी बनतं पेट्रोलियमपासून, आणि पेट्रोलियम इतकं जुनं की त्यात कार्बन-14 (सजीव मेल्यावर ठरावीक वेगाने घटत जाणारा कार्बन, त्याच्या उरलेल्या प्रमाणावरूनच वय काढतात) शिल्लकच नसतो. हे पीईजी थोडंसं जरी लाकडात राहिलं तरी लाकूड खऱ्यापेक्षा जुनं दिसतं. म्हणजे ज्याने जहाज वाचवलं त्यानेच तारीख बिघडवली.

कॉर्नेल विद्यापीठाचे स्टर्ट मॅनिंग आणि सहकाऱ्यांनी यावर बरीच मेहनत घेतली आणि 2024 मध्ये निष्कर्ष छापले. पीईजी काढायची नवी पद्धत त्यांनी आधी वय माहीत असलेल्या रोमन काळातल्या लाकडावर तपासून पाहिली, मग जहाजाच्या लाकडाकडे वळले. शिवाय बदाम होतेच, आणि खेळायला फासा म्हणून वापरलेलं मेंढी-बकरीच्या घोट्याचं एक हाडही होतं, यांचा फायदा असा की ते शेवटच्या सफरीच्या आसपासचे असतात, जहाजाचं लाकूड मात्र कितीतरी आधी तोडलेलं. तरीही आकडे मडक्यांवरून आणि नाण्यांवरून काढलेल्या काळाशी जुळेनात! शेवटी लक्षात आलं की इ.स.पू. 350 ते 250 या पट्ट्यात कार्बनच्या मोजमापाचं वर्षांत रूपांतर करणारा आंतरराष्ट्रीय आलेखच नीट बसत नव्हता. मग वर्ष माहीत असलेली सिक्वोया आणि ओकची खोडं घेऊन त्यांच्या कड्यांमधला कार्बन नव्याने मोजला, आलेख दुरुस्त केला, आणि जहाजाची शेवटची सफर इ.स.पू. 296 ते 271 च्या दरम्यान आली, त्यातही 286 ते 272 ची शक्यता जास्त.

आणि हा आलेख काही फक्त या एका जहाजापुरता नाही, उत्तर गोलार्धात कुठेही त्या शंभर वर्षांतल्या वस्तूचं कार्बन डेटिंग करायचं तर तोच लागतो, त्यामुळे त्या काळातल्या बाकीच्या ठिकाणांच्या तारखाही आता परत तपासून बघता येतील.